अकरा वर्षांपूर्वी सोडलेली सिगरेट

लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये थांबली तेव्हा सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. आत दोघंच होती: लिफ्ट चालवणारा मामा आणि धुतलेल्या चादरींची गाडी वर नेणाऱ्या मावशी. मामा कुणाचा सख्खा मामा नव्हे. सत्तावीस वर्षं एकाच स्टुलावर बसून त्यानं अख्खं हॉस्पिटल वरखाली केलं होतं, आणि तेवढ्या काळात मोठ्या डॉक्टरांपासून झाडलोट करणाऱ्यांपर्यंत सगळे त्याचे भाचे झाले होते.

मावशींनी नंतर सांगितलं ते असं. मामा सकाळपासून गप्प होता. एरवी दुसरा मजला आला की "उतरा, हाडं मोडलेले उतरा" असं काहीतरी बोलायचा, आज नाही. दुसरा मजला मागे पडला आणि त्याचा हात दांड्यावरून सुटला. मान मागे गेली, दातखीळ बसली, आणि तो गाडीवर आडवा होऊन असे झटके द्यायला लागला की गाडी लिफ्टच्या भिंतींवर आपटायला लागली. मावशींनी आधी जाळीचं दार हलवून पाहिलं, मग चादरींचा गठ्ठा त्याच्या डोक्याखाली सारला आणि मग त्या ओरडल्या. वायरमननं गच्चीवरच्या मोटरच्या खोलीचं कुलूप तोडलं, चाक हातानं फिरवून लिफ्ट खाली घेतली. यात बारा मिनिटं गेली. कुलूप तोडावं लागलं, कारण त्याची एकुलती एक किल्ली मामाच्या खिशात होती.

डॉक्टरबाई तेव्हा चार नंबरच्या खोलीत एका पेशंटला निकोटिनचं च्युइंगगम कसं चघळायचं ते शिकवत होत्या. दोन-चारदा चावायचं, तोंडात झणझण आली की गालात दाबून ठेवायचं, पुन्हा चावायचं. सिगरेट सोडवणं हेच त्यांचं काम होतं. कातडीवर चिकटवायच्या निकोटिनच्या पट्ट्या, गम, चघळायच्या गोळ्या, श्वासातला धुराचा अंश मोजणारं एक फुंकायचं यंत्र आणि भरपूर बोलणं, एवढी त्यांची सामग्री. हॉस्पिटलात त्यांना सगळे सिगरेटबाई म्हणत, आणि नव्या माणसाला वाटे की बाईच ओढतात.

कॅज्युअल्टीतून निरोप आला की बाईंनी लगेच यावं, मामाच्या दंडावर पट्टी सापडली आहे.

त्या पोचल्या तेव्हा झटके थांबले होते. इंजेक्शननं मामा गुंगीत होता, पण छाती भात्यासारखी चालली होती. सदऱ्याची बाही कापलेली होती. डाव्या दंडावर, अगदी वर, जिथे अर्ध्या बाहीच्या आतही दिसणार नाही अशा जागी, एक फिकट चौकोन उरला होता. पट्टी सोलून काढून कॅज्युअल्टीच्या डॉक्टरनं एका वाटीत ठेवली होती. खाटेच्या दुसऱ्या बाजूला छातीचे साहेब उभे होते. या हॉस्पिटलात डॉक्टरांना अवयवांवरून ओळखत. छातीचे साहेब म्हणजे दमा-खोकल्याच्या विभागाचे प्रमुख, आवाजानंच पेशंटचा खोकला थांबवणारे.

पट्टी तुमची का, असं कॅज्युअल्टीच्या डॉक्टरनं विचारलं. डॉक्टरबाई हो म्हणाल्या. मग मामा ओढतो का, असं त्यानं विचारलं, आणि त्या काही बोलायच्या आत साहेबांनीच उत्तर देऊन टाकलं. अकरा वर्षांपासून नाही, माझाच पेशंट आहे, मीच सोडवली.

मग ते डॉक्टरबाईंकडे वळले.

"सिगरेट न ओढणाऱ्या माणसाला तुम्ही निकोटिन लावलंत?"

खोलीतले सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. सिगरेट न ओढणाऱ्याला पट्टी लावली तर मळमळ होते, हात कापतात, छाती धडधडते, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलीलाही ठाऊक असतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मी कागद बघून सांगते." आणि बाहेर पडल्या.

कागद बघायची काहीच गरज नव्हती. त्यांना सगळं पाठ होतं. पण त्यांनी शब्द दिला होता.

तो असा. सहा वर्षांपूर्वी चार नंबरची खोली सुरू झाली तेव्हा पहिले तीन महिने तिथे चिटपाखरू फिरकलं नाही. हॉस्पिटलातलेच कितीतरी लोक ओढत होते, पण आपल्या केसपेपरवर "सिगरेट" लिहून घ्यायला कुणी तयार नव्हतं. ड्रायव्हरला मुकादमाची भीती, नर्सला मेट्रनची, पेशंटला घरच्यांची. तेव्हा डॉक्टरबाईंनी एक नियम काढला. चार नंबरमध्ये जे बोललं जाईल ते चार नंबरच्याच वहीत राहील. हॉस्पिटलच्या केसपेपरवर त्यातलं अक्षरही जाणार नाही, दुसऱ्या कुठल्या विभागाला काही विचारायचं नाही आणि काही कळवायचं नाही. नियम लागू झाला आणि महिन्याभरात बाकड्यावर बसायला जागा उरेना. या नियमाचा डॉक्टरबाईंना अभिमान होता. बाहेरच्या डॉक्टरांपुढे भाषण करायची वेळ आली की त्या हाच नियम सांगत.

मामा त्यांच्याकडे आला तो तेवीस दिवसांपूर्वी, जेवणाच्या सुटीत, मागच्या दारानं. छातीच्या साहेबांचा दंडक त्याला तोंडपाठ होता: ओढणार असाल तर माझ्याकडे यायचं नाही, कार्ड फाडून देईन. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी एका पेशंटचं कार्ड मामाच्या डोळ्यांसमोर खरोखरच फाडलं होतं. मामाला दम्याशिवाय दुसरा आजार नव्हता आणि साहेबांशिवाय दुसरा डॉक्टर. त्यानं तिथल्या तिथे सांगून टाकलं की सोडली, साहेब. साहेबांनी पाठ थोपटली. घरी बायकोलाही तेच सांगितलं, कारण ती दर महिन्याला त्याच्याबरोबर साहेबांकडे यायची. आणि मग अकरा वर्षं तो मोटरच्या खोलीत ओढत राहिला. दिवसाला बारा-चौदा. त्या खोलीची किल्ली दुसऱ्या कुणाकडे नव्हती. सुटीच्या दिवशीही तो मोटर बघून येतो म्हणून निघायचा, आणि बायको शेजारणीला सांगायची की आमच्या ह्यांच्यासारखा कामसू माणूस मिळणार नाही.

"बाई, साहेबांना कळलं तर माझा श्वासच बंद होईल," तो म्हणाला होता. डॉक्टरबाईंनी वही उघडून त्याला दाखवली आणि म्हणाल्या की इथून बाहेर काही जात नाही.

पहिल्या दिवशी यंत्रात फुंकल्यावर बावीस आकडा आला. मोठी पट्टी दिली, एकवीस मिलिग्रॅमची. रोज सकाळी जुनी काढायची, नवी दुसऱ्या जागी लावायची. आठवड्यानं आकडा दोनवर आला. डॉक्टरबाईंनी त्याला यंत्राचा आकडा तीनदा वाचून दाखवला. पंचावन्न वर्षांचा माणूस शाळेत पहिला आल्यासारखा लाजला.

नवव्या दिवशी तो म्हणाला की मळमळतंय, झोप नाही. डॉक्टरबाईंनी विचार केला, पट्टी जड होतेय, आणि चौदाची दिली. सतराव्या दिवशी हात कापायला लागले, छाती धडधडायला लागली. त्यांनी पट्टी अजून उतरवली, सातची दिली. यंत्राचा आकडा दोनच होता. धीर धरा मामा, सिगरेट जाताना त्रास देऊनच जाते, असं त्या म्हणाल्या. मामानं मान डोलावली.

आज तेविसावा दिवस होता.

डॉक्टरबाई चार नंबरमध्ये परत आल्या आणि दार लावून बसल्या. तेवढ्या वेळात बातमी मजल्यामजल्यावर पोचली होती, लिफ्ट बंद असूनसुद्धा. सिगरेटबाईंनी चांगल्या माणसाला पट्टी लावून मारलं, अशी. बाकड्यावरच्या पेशंटांपैकी दोघांनी दार ढकलून आपापल्या पट्ट्या टेबलावर आणून ठेवल्या आणि काही न बोलता निघून गेले. तिसऱ्यानं मात्र सांगितलं. त्याचा मेव्हणा नेहमी म्हणायचा की सोडलेली माणसंच लवकर जातात, ते खोटं नाही म्हणून.

एरवी हे वाक्य ऐकलं की डॉक्टरबाईंना हसू यायचं. आठवड्यातून एकदा तरी ते ऐकू यायचंच. आज हसू आलं नाही.

बोलावं की नाही? तो माणूस गुंगीत आहे. त्याची बायको वॉर्डात पोचली असेल. आपण तोंड उघडलं की त्याचं अकरा वर्षांचं खोटं त्याच्या परवानगीशिवाय चव्हाट्यावर. आणि बोलून तरी काय होणार, पट्टी तर निघालीच आहे. तासा-दोन तासांत निकोटिन उतरेल, शुद्धीवर येईल, मग त्यालाच विचारू. या विचारानं त्या दुपारपर्यंत बसून राहिल्या. पुढे कितीतरी दिवस त्यांना या तीन तासांचा हिशेब स्वतःलाच देता आला नाही.

तीन वाजता त्यांनी वॉर्डात फोन लावला. स्वतः जायचं धाडस झालं नाही. सिस्टरनं नाडीचे आकडे वाचून दाखवले. बाराला एकशे अठरा. एकला एकशे सव्वीस. दोनला एकशे अडतीस. आत्ता एकशे अठ्ठेचाळीस.

त्यांनी आकडे पुन्हा वाचायला लावले. सिस्टर जरा चिडून म्हणाली की बाई, बरोबरच वाचतेय.

फोन ठेवल्यावर त्यांनी आकडे कागदावर लिहिले आणि त्यांच्याकडे बघत बसल्या. पट्टी साडेअकराच्या आत निघाली होती, आणि तीही सगळ्यात लहान. पट्टी काढल्यावर रक्तातलं निकोटिन दोन-तीन तासांत निम्म्यावर येतं, चढत नाही. ही नाडी चढत होती. म्हणजे जे काही या माणसाला मारत होतं ते अजून त्याच्या अंगात होतं, आणि वाढत होतं.

त्यांनी वही काढली. मामाचं पान. दुसऱ्या कुठल्या औषधांवर आहे, असा एक रकाना होता. त्यात त्यांच्याच हस्ताक्षरात लिहिलं होतं: "दम्याची औषधं चालू." बस्स. कुठली, किती, काही नाही. ते छातीच्या विभागाच्या कार्डावर होतं, आणि कार्ड मागायचं म्हणजे मामा आपल्याकडे येतो हे कळू देणं. नियमात बसत नव्हतं.

छातीच्या विभागात कार्डं सांभाळणारा कारकून पांढरा कोट दिसला की काही विचारत नसे. त्यानं कार्ड काढून दिलं आणि मामा कसा आहे म्हणून विचारलं. डॉक्टरबाईंनी ऐकलंच नाही. त्या उभ्या उभ्या वाचत होत्या.

सगळ्यात वर साहेबांचं ठसठशीत अक्षर: धूम्रपान – बंद. खाली अकरा वर्षांच्या नोंदी. औषध थिओफायलिन, श्वासनळ्या मोकळ्या करणारी जुनी गोळी. रक्तात थोडी कमी पडली तर उपयोग नाही, थोडी जास्त झाली तर जहर, म्हणून तिची रक्तातली पातळी तपासतात. पहिल्या वर्षी: पातळी कमी, डोस वाढवला. चौथ्या वर्षी: पातळी पुन्हा कमी, पेशंट गोळ्या नियमित घेत नसावा, बायको म्हणते रोज स्वतः देते, डोस वाढवला. सातव्या वर्षी: पातळी कमी, कारण कळत नाही, डोस वाढवला. त्यानंतर: पातळी योग्य.

डॉक्टरबाईंचं बोट सातव्या वर्षाच्या नोंदीवर थांबलं.

ते कारण त्यांना आता कळत होतं. सिगरेटच्या धुरातलं डांबर यकृताला चाबूक मारतं. ओढणाऱ्याचं यकृत हे औषध दुप्पट वेगानं जाळून टाकतं. म्हणून पातळी कमी. साहेबांना ठाऊक नव्हतं की तो ओढतो, म्हणून ते डोस वाढवत गेले, धुराला पुरून उरेल एवढा. आणि मग डॉक्टरबाईंनी धूर काढून घेतला. पट्टीत निकोटिन असतं, धूर नसतो. पट्टी यकृताला चाबूक मारत नाही. चाबूक थांबला, यकृत संथ झालं, आणि धुराच्या मापानं शिवलेला डोस रोज सकाळ-संध्याकाळ पोटात जात राहिला. मळमळ, थरथर, झोप नाही, धडधड. निकोटिन जास्त झालं तरी हेच, हे औषध जास्त झालं तरी हेच. त्या पट्टी कमी करत राहिल्या.

हे त्यांनी शिकलेलं होतं. परीक्षेत यावर पाच गुणांचा प्रश्न होता आणि त्यांना पाच पडले होते.

लिफ्टला फळी लावलेली. त्या जिन्यानं चढल्या, कार्ड हातात घट्ट धरून. वॉर्डाच्या दारातून पहिल्यांदा दिसली ती मामी, खाटेशी बसलेली, मामाचे तळवे चोळत. मग दिसली सलाईनची बाटली. तिच्यावर चिकटपट्टी लावून त्यात घातलेल्या औषधाचं नाव लिहिलं होतं.

तेच औषध, इंजेक्शनच्या रूपात. मामाला धाप लागली होती, साहेबांनी छाती तपासली होती, घरघर ऐकली होती, आणि दमेकऱ्याला जे देतात ते सुरू केलं होतं. साडेबारापासून.

डॉक्टरबाईंनी पुढे होऊन नळीवरचं चाक फिरवलं. थेंब थांबले.

"अहो बाई, काय करताय?" सिस्टर धावत आली. "साहेबांची ऑर्डर आहे ती. त्यांच्या पेशंटला तुम्ही हात लावू नका. सकाळी एवढं झालं ते पुरे नाही का?"

"रक्त घ्या. या औषधाची पातळी बघायचीय. आत्ताच्या आत्ता."

"कशासाठी ते तरी सांगा. मी साहेबांना काय सांगू?"

मामीनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता; सकाळपासून तिला कुणी काही नीट सांगितलंच नव्हतं. डॉक्टरबाईंनी तिला बाहेर पाठवायचा विचार केला. सिस्टरचा हात तेवढ्यात चाकाकडे गेला.

"मामा ओढत होता," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तेवीस दिवसांपूर्वीपर्यंत. रोज बारा-चौदा. साहेबांना सांगा, त्याच्या गोळ्यांचा डोस सिगरेट ओढणाऱ्या माणसाचा आहे आणि मी त्याची सिगरेट बंद केलीय. गोळ्यांचं जहर झालंय. ही बाटली त्यात भर घालतेय."

सिस्टरचा हात तिथल्या तिथे थांबला. तिनं बाटलीकडे पाहिलं, मग मामाकडे, मग सुई घ्यायला गेली.

मामी तळवे चोळायची थांबली होती. ती अगदी हळू म्हणाली, "ह्यांच्या गोळ्या मी देते. आजही सकाळी मीच दिली. नको म्हणत होते, उलटी येते म्हणत होते. मी म्हटलं, साहेब रागावतील."

रक्ताचा आकडा पाच वाजता आला. वीसच्या वर गेला तर धोका मानतात. बावन्न होता. प्रयोगशाळेतल्या माणसानं दोनदा तपासून मग कळवला होता. तो कळेपर्यंत मामाला दुसरा झटका येऊन गेला होता, पहिल्यापेक्षा मोठा, आणि नंतर मिनिटभर त्याच्या नाडीचा ठोकाच नीट सापडत नव्हता. सहा वाजता त्याला मूत्रपिंडाच्या विभागात नेऊन यंत्राला जोडलं, रक्त धुवून काढायला. खाट जिन्यावरून चौघांनी उचलून नेली.

साहेब तिथेच आले. आकडा त्यांच्या हातात होता. डॉक्टरबाईंनी कार्ड आणि वही दोन्ही त्यांच्यापुढे धरली. ओरडा बसेल, याची त्यांनी तयारी ठेवली होती. साहेबांनी आधी वहीचं पान वाचलं, मग स्वतःचं कार्ड, वरपासून खालपर्यंत, जणू ते दुसऱ्या कुणी लिहिलं असावं. सातव्या वर्षाच्या नोंदीवर ते बराच वेळ थांबले. "कारण कळत नाही."

"दर महिन्याला माझ्यासमोर बसायचा तो," ते म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग विचारलं, "तुमच्याकडे माझे अजून किती पेशंट आहेत?"

"माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही."

दोघं छातीच्या विभागात गेली. कारकून घरी निघाला होता, त्याला थांबवून घेतलं. साहेब वहीतून नाव वाचत, डॉक्टरबाई कार्डांच्या खणात शोधत. यंदाच्या वहीत शंभरएक नावं होती. मामाचं सोडून नऊ कार्डं निघाली. नऊही कार्डांवर साहेबांचं तेच ठसठशीत अक्षर होतं: धूम्रपान – बंद. त्यांतल्या चौघांना हीच गोळी चालू होती. त्यांतल्या दोघांना डॉक्टरबाईंनी याच महिन्यात पट्ट्या दिल्या होत्या.

त्या दोघांना फोन केले. पहिल्यानं सांगितलं की गेले चार दिवस पोटात काही ठरत नाही. दुसऱ्यानं, काळजी नको बाई, मी पट्टीवरसुद्धा चोरून ओढतोय, असं कबूल करून टाकलं आणि वर माफी मागितली. डॉक्टरबाईंनी पहिल्याला ताबडतोब बोलावून घेतलं. दुसऱ्याला त्या चोरट्या धुरानंच वाचवलं होतं; त्याला सकाळी यायला सांगितलं.

मामा चौथ्या दिवशी नीट शुद्धीवर आला. नाडी ब्याण्णव. घसा बसलेला, हाताला बारीक कंप, डोळ्यांखाली काळं. साहेब रोजच्या फेरीला आले ते एकटेच, मागे शिकाऊ डॉक्टरांचा लवाजमा नव्हता. खाटेजवळ स्टूल ओढून बसले. साहेबांना पेशंटजवळ बसलेलं त्या वॉर्डानं कधी पाहिलं नव्हतं; शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून टेकून बसला. मामी आणि डॉक्टरबाई पायथ्याशी उभ्या होत्या.

साहेबांनी विचारलं, आवाज शक्य तितका खाली आणून, "मामा, ओढत होता का?"

मामानं त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवला.

"नाही साहेब. अकरा वर्षं झाली."

त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मामीनं तोंडाला हात लावला. साहेब त्याच्याकडे बघत राहिले. त्यांनी मामाच्या खांद्यावर हात ठेवला आणि उठून गेले. त्या अकरा वर्षांत हा माणूस एकदाही अडखळला नव्हता, आणि आज मरणाच्या दारातून आल्यावरही अडखळला नाही, हे डॉक्टरबाईंनी पाहिलं. त्या समजत होत्या तसं ते एकदा सांगितलेलं खोटं नव्हतं. त्या माणसाला श्वास घ्यायची तेवढीच एक रीत ठाऊक होती.

साहेबांची पाठ वळताच मामानं डॉक्टरबाईंना खुणेनं जवळ बोलावलं. "बाई, तुम्ही सांगितलं नाहीत ना?"

"सांगितलं. साहेबांना, सिस्टरला, मामींना. सांगावं लागलं."

त्यानं डोळे मिटले. मामीनं त्याच्या कपाळावरचे केस मागे केले आणि म्हणाली की आता झोपा. पण त्यानं पुन्हा डोळे उघडले. साहेबांनी कार्ड फाडलं का, असं विचारलं. डॉक्टरबाईंनी सांगितलं की कार्ड आहे, साहेबच बघणार आहेत, फक्त ती गोळी सध्या पूर्ण बंद आहे आणि पुढे दिली तर निम्मी देतील.

"निम्मी," मामा म्हणाला. "म्हणजे शिक्षाच झाली की."

डॉक्टरबाईंनी समजावलं. शिक्षा नाही, मामा. धूर होता म्हणून जास्त लागत होती, आता धूर नाही म्हणून कमी पुरते. पूर्वीइतकी घेतलीत तर पुन्हा हेच होईल. आणि सिगरेट पुन्हा सुरू केलीत तर तेही लगेच सांगायचं, कुणी रागावणार नाही, कारण मग डोस पुन्हा बदलावा लागेल. त्या सावकाश बोलल्या. एकही अवघड शब्द वापरला नाही.

"बरं, बाई," मामा म्हणाला.

ते इतक्या पटकन आणि इतक्या गोड आवाजात आलं की डॉक्टरबाई दचकल्या. हाच आवाज त्यांनी नुकताच साहेबांपुढे ऐकला होता. तेवीस दिवस त्यांच्या खोलीत, मळमळतंय म्हणताना, धीर धरतो म्हणताना, तोच आवाज होता. घरी गोळ्यांचं जुनं पाकीट असणार. धाप लागली की हा माणूस ते उघडणार, दोन घेणार, आणि विचारलं तर सांगणार की निम्मीच घेतो.

सिस्टर दारातून म्हणाली की बाई, चार नंबरसमोर दोघं थांबलेत. डॉक्टरबाईंनी थांबू दे म्हणून हातानं खूण केली. साहेब बसले होते ते स्टूल त्यांनी आणखी पुढे ओढलं आणि बसल्या.

"मामा, मी आत्ता काय सांगितलं, ते तुम्ही मला सांगा. तुमच्या शब्दांत. मामी, तुम्हीही ऐका."

मामा हसला, साहेबांसमोर हसायचा तसा. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्याचं हसू हळूहळू उतरलं. त्यानं बायकोकडे पाहिलं, मग दाराकडे. डॉक्टरबाई तशाच बसून राहिल्या.